जुळवून घेणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी दरवर्षी एक लहानसा तंटा होतो. खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते. आदल्या रात्री ती चुलीजवळ ठेवायची असे ठरलेले असते आणि ठेवायला कोणीतरी विसरलेले असते. मग कोण विसरले याची चौकशी होते, बाटली कढत पाण्याच्या तांब्यात उभी केली जाते, आणि तेल सुटेपर्यंत पाटावर बसलेली मंडळी कुडकुडत राहतात. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलीने या तंट्यातून एक निराळाच प्रश्न काढला. स्वयंपाकघरातले तिळाचे तेल वाटीत घेऊन ती आली आणि म्हणाली, "बाबा, हे तर नाही थिजलं. मग खोबरेलच का थिजतं?"

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या त्यासुद्धा पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर, वाचलेल्या शास्त्राच्या नव्हे. असल्या प्रश्नाला एरवी मी "तुझ्या विज्ञानाच्या बाईंना विचार" असे उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण या एका प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मला शिकवले होते आठवीतल्या एका मुलाने, आणि तेही माझी चूक दाखवून.

झाले असे की, वर्गात मी 'बर्फाच्छादित डोंगर' असा विषय दिला होता. सगळ्यांनी डोंगरमाथे पांढरे सोडले. या पठ्ठ्याने मात्र बर्फावर कलिंगडाच्या गरासारखा तांबूस रंग फासला. मी त्याच्या चित्रावर लाल पेन्सिलीने फुली मारली. तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, असा बर्फ असतो. मी वाचलंय." मी त्याला खाली बसवले. वर्ग हसला. पण घरी गेल्यावर ती फुली मला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन शोधले तेव्हा कळले की, पोराचे बरोबर होते आणि मास्तरांचे चुकले होते. मी ती फुली खोडली आणि वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्या दिवसापासून या लाल बर्फाचे मला वेडच लागले.

जॉन रॉस नावाचा ब्रिटिश दर्यावर्दी 1818 साली ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याने चालला होता. ऑगस्ट महिन्यात त्याला समुद्राकाठच्या कड्यांवरचा बर्फ किरमिजी दिसला. त्याने माणसे पाठवून तो बर्फ गोळा करवला आणि त्याचे पाणी बाटल्यांत भरून विलायतेला नेले. तिथे मोठी चर्चा झाली. कोणी म्हणाले, आकाशातून पडलेल्या उल्केतले लोखंड गंजून हा रंग आला असेल. फ्रान्सिस बॉअर या नामांकित चित्रकाराने सूक्ष्मदर्शकाखाली ते कण पाहिले आणि ही बुरशी आहे असे ठरवले. चित्रकारही चुकतात हे वाचून मला थोडे बरे वाटले. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र हे शेवाळ असावे असा कयास बांधला, आणि तोच पुढे खरा ठरला. मौजेची गोष्ट अशी की, जुना बर्फ तांबडा होतो हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले होते.

म्हणजे आपल्या विहिरीच्या पायरीवर, पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर जे शेवाळ साचते, त्याचेच हे भाऊबंद. डोळ्यांना न दिसणारा एकेक जीव, एकेका पेशीचा. तो सूर्याचा उजेड घेतो आणि त्यातून आपले अन्न करतो. पण ते कुठे? तर बर्फात! खोबरेल थिजले म्हणून आपण पाटावर कुरकुरतो, आणि हा पठ्ठ्या शून्य अंशाच्या आसपास संसार मांडून बसलेला आहे.

तो तग कसा धरतो, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीच्या आतही अतिशय पातळ पडदे असतात. ते स्निग्ध पदार्थांचे, म्हणजे आपल्या तेलातुपाच्या नात्यातल्याच द्रव्यांचे बनलेले असतात. हे पडदे मऊ आणि हलते राहिले तरच पेशीचे व्यवहार चालतात. थंडीने ते थिजले की सारा कारभार ठप्प. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांचे रेणू बहुतांशी सरळ काड्यांसारखे असतात. काड्यापेटीतल्या काड्यांसारखे ते एकमेकांना चिकटून बसतात आणि सुमारे 24 अंशांखाली तेल घट्ट होते. तिळाच्या तेलातल्या पुष्कळ रेणूंना मधेच बाक असतो. वाकड्या काड्यांची जुडी जशी नीट बांधता येत नाही, तसे ते दाटीवाटीने बसू शकत नाहीत, म्हणून तेल वाहते राहते. थंडीत राहणारे शेवाळ हेच करते. आपल्या पडद्यांतल्या सरळ काड्यांना ते बाक आणते. जपानमध्ये नोरिओ मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हे प्रयोगाने दाखवले. थंडी सोसणाऱ्या एका निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवातला, असा बाक आणणारा जनुक त्यांनी थंडी न सोसणाऱ्या दुसऱ्यात घातला, आणि त्या दुसऱ्याची थंडी सोसण्याची ताकद वाढली.

मुलीला मी इथपर्यंत सांगितले. तोवर तेल सुटले होते.

पण त्या जीवाची खरी अडचण थंडी ही नाहीच. मला हे वाचून फार आश्चर्य वाटले. त्याची खरी अडचण आहे उजेड! उजेड पकडण्याचे काम क्षणार्धात होते, त्याला थंडी आडवी येत नाही. पण पकडलेल्या उजेडाचे अन्न करण्याचे काम पेशीतल्या विकरांकडे असते, आणि विकरे थंडीत मंदावतात. म्हणजे शिधा येतच राहतो आणि चूल पेटत नाही. न वापरलेली ती शक्ती मग पेशीतच धुमाकूळ घालते आणि उजेड पकडणारी यंत्रणाच मोडून टाकते. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या प्रदेशात सूर्य मावळत नाही, आणि खालून बर्फही उजेड परतवतो. आपण समजतो, गारठलेल्याला जितका उजेड मिळेल तितका चांगला. पण गारठलेल्याला उजेडच जाळतो.

म्हणून हे जीव नाना तऱ्हा करतात. कोणी उजेड धरणाऱ्या हरितद्रव्याचा पसारा आवरते घेतात. कोणी जादा उजेडाची ऊब करून ती सोडून देतात. कोणी मंद झालेल्या विकरांची संख्याच वाढवतात, जसे आळशी गडी असले तर दोघांच्या जागी चौघे लावावे. आणि आपले लाल शेवाळ अंगावर तांबडी शाल घेते. कोलंबी शिजल्यावर जो रंग खुलतो, तेच हे द्रव्य. त्याच्या आड हिरवा भाग सुरक्षित राहतो. समुद्रावरच्या बर्फातही असेच घडते. पाणी गोठताना मीठ बाजूला सरते आणि बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या उरतात. काचेच्या डबीसारखे कवच असलेले डायाटम नावाचे जीव त्या नळ्यांत राहतात. आसपासच्या बर्फाचे स्फटिक वाढू नयेत म्हणून काही डायाटम त्यांना चिकटणारी प्रथिने बाहेर सोडतात. दक्षिण समुद्रात त्यांच्यावर क्रिल नावाचे कोलंबीसारखे प्राणी जगतात, आणि क्रिलवर प्रचंड देवमासे.

आता वाचकांना वाटेल, मास्तर यातून काय बोध काढणार हे आम्ही ओळखले. मलाही तो बोध अगदी तयार सापडला होता. फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ असतो. यंदा चार शब्द बोलायची पाळी माझी होती. मी कागद घेतला आणि लिहिले: "मुलांनो, हे इवलेसे शेवाळ बर्फाशी जुळवून घेते. तुम्हीही आयुष्यात जुळवून घ्यायला शिका." वाक्य टाळ्या घेणारे होते. पण 'जुळवून घ्या' हे शब्द मी कागदावर पाहिले आणि माझा हात थांबला. हे शब्द मी पूर्वी एकदा एका माणसाला सांगितले होते. एका एसटीत, खिडकीशेजारच्या बाकावर, माझ्या थोरल्या बहिणीला.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला वाचायला तिने शिकवले. आमच्या घरी वीज वेळीअवेळी जायची. कंदिलाच्या उजेडात ती ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्या मोठ्याने वाची आणि मी ऐकत झोपी जाई. मी लेखक झालो असेन तर तो त्या कंदिलापाशी. तिचे लग्न झाले ते चांगल्या, खाऊनपिऊन सुखी घरात. तिथे तिला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. फक्त त्या घरात बाईमाणसाने पुस्तक घेऊन बसणे चालत नसे. सगळ्यांची पाने उठल्याशिवाय जेवणे नसे. ती आपणहून काही बोलली की, सासरे शांतपणे उठून बाहेर जात. दुसऱ्या वर्षी ती माहेरी आली आणि म्हणाली, "मला तिथं गुदमरतं." आई रडली. दादा आजारी होते. मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. तिला पोचवून येण्याचे काम माझ्याकडे आले.

वाटेत तिने मला विचारले, "तुला काय वाटतं रे, बाळ?"

मला काय वाटत होते हे मला ठाऊक नव्हते. पण शहाण्या माणसासारखे काहीतरी बोलले पाहिजे असे वाटले. मी म्हणालो, "ताई, जुळवून घे. हळूहळू सवय होईल."

तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. आणि तिने जुळवून घेतले. खरोखरच घेतले. आज त्या गावात समजूतदार सून म्हणून तिचे नाव घेतात.

कोणी म्हणेल, मग बिघडले काय? जुळवून घेतल्यावाचून कोणाचा संसार झाला आहे? हे मला मान्य आहे. चार माणसे एका छपराखाली राहायची तर प्रत्येकाला आपल्या स्वभावाच्या सरळ काड्यांना थोडा बाक द्यावाच लागतो. न वाकणारा माणूस थिजतो आणि दुसऱ्यांनाही थिजवतो. माझा प्रश्न जुळवून घ्यावे की नाही हा नाही. 'जुळवून घे' असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणाला, हा आहे.

त्या शेवाळाकडे पुन्हा पाहिले तेव्हा मला माझ्या बोधातल्या तीन फटी दिसल्या.

पहिली अशी. आपण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी झाकतो. हवा गार पडली की एखादी पेशी काही तासांत, काही दिवसांत आपले पडदे मऊ करते, हे एक जुळवून घेणे. आणि अगणित पिढ्यांनंतर एखादी जातच बर्फात राहण्याजोगी होते, हे दुसरे. पहिल्यात तीच पेशी बदलते. दुसऱ्यात ज्यांना जमले नाही ते मरून गेलेले असतात. आपण उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा कसे जुळवून घेतले! गेलेल्यांची नावे त्या हिशेबात नसतात. "पूर्वीच्या बायकांनी नाही का जुळवून घेतलं?" असे म्हणणारी आजी ही उरलेल्यांपैकी असते. विहिरीत, आजारपणात, अबोलपणात ज्या गेल्या, त्या सांगायला येत नाहीत.

दुसरी फट किमतीची. दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकात बॉनी नावाचे एक सरोवर आहे. त्यावर बर्फाचे जाड झाकण कायमचे असते. त्याखाली 17 मीटर खोलीवर, खाऱ्या पाण्यात, अगदी अंधुक निळसर उजेडात एक हिरवे शेवाळ राहते. उन्हाळ्यातला तो मिणमिणता उजेड आणि हिवाळ्यातला महिनोन्महिन्यांचा काळोख, दोन्हींशी त्याने इतके जुळवून घेतले आहे की, 18 अंशांच्या पुढे ते वाढतच नाही. प्रयोगशाळेत 24 अंशांत ठेवले तर ते मरू लागते. ज्या उबेत आपले खोबरेल नुकते कुठे सुटते, त्या उबेत ते मरते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण ताई गेल्या वर्षी माझ्याकडे राहायला आली होती. सासू-सासरे आता नाहीत. मुले आपापल्या नोकऱ्यांवर गेली. दाजीच म्हणाले, "जाऊन या चार दिवस भावाकडे." मी हरखून गेलो. तिच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची मांडली. टेबलावर पुस्तकांची चळत रचली, त्यात माझ्या चारही कादंबऱ्या. तिला म्हणालो, "ताई, आता इथं काही करायचं नाही. नुसतं वाचायचं." ती हसली. पहाटे चारला उठून तिने ओटा घासला. आम्ही आग्रह केला तरी ती आमच्याबरोबर जेवायला बसेना. बसली तर घास तिच्या हातात अडे. खुर्चीत बसून पुस्तक उघडी, दोन पाने होत, आणि कपाळ दाबीत उठे. "सवय नाही रे राहिली. अक्षरं टोचतात." सहाव्या दिवशी ती म्हणाली, "मला पोचव बाबा घरी. इथं मला सुचत नाही."

मला तेव्हा तिचा रागच आला होता. मी इतका उजेड आणून ओतला आणि तिने तोंड फिरवले असे वाटले. आता कळते, गारठ्यात राहिलेल्या जीवावर एकदम उजेड ओतणे हीसुद्धा अडाणीपणाची गोष्ट आहे. थंडीशी जुळवून घे म्हणणारा मीच, आणि उन्हात ये म्हणून हात ओढणाराही मीच. दोन्ही वेळा तिला काय हवे हे मी विचारलेच नव्हते.

तिसरी फट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लाल शेवाळ बर्फाशी जुळवून घेते हे अर्धेच खरे आहे. पांढरा बर्फ सूर्याचे किरण परतवतो, तांबडा तितके परतवीत नाही. आर्क्टिकमधल्या हिमनद्यांवर केलेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, वितळण्याच्या हंगामात या शेवाळामुळे बर्फाची उजेड परतवण्याची शक्ती सुमारे 13 टक्क्यांनी घटते. म्हणजे शेवाळ असते तिथे बर्फ लवकर वितळतो, आणि जगायला लागणारे पाणी शेवाळाला मिळते. आज पृथ्वीवरचा बर्फ असाच उणा होत असताना ही गोष्ट काळजीची आहे, हे मी विसरत नाही. पण माझ्या प्रश्नापुरते एवढे दिसते की, निसर्गात जुळवून घेणे एकतर्फी नसते. बर्फालाही थोडे सुटावे लागते. आमच्या ताईच्या बाबतीत बर्फाला कोणी काही सांगितले नाही. सगळा उपदेश शेवाळाला!

म्हणून मी आता असे ठरवले आहे. 'मी जुळवून घेईन' हे वाक्य थोर आहे, कारण ते थंडीत उभा असलेला माणूस स्वतःशी बोलतो. 'जुळवून घे' हे वाक्य मात्र उबेत बसलेला माणूस बोलतो, आणि ते बोलण्यापूर्वी त्याने निदान दोन गोष्टी पाहाव्यात. ज्याला सांगतो त्याचे उजेडाचे काम त्यात चालू राहील की बंद पडेल? आणि समोरच्या बर्फाला दोन शब्द सांगण्याची आपली तयारी आहे की नाही? शेवाळ पडद्यांचे तेल बदलते, रंग बदलते, पण उजेडापासून अन्न करण्याचा आपला धर्म सोडीत नाही. तो सोडावा लागत असेल तर त्याला जुळवून घेणे म्हणू नये. त्याला विझणे म्हणावे. मी सतरा वर्षांचा होतो, हे मी मला माफ करण्यासाठी सांगू शकतो. पण दाजींशी, त्यांच्या वडिलांशी एक शब्दही बोललो नाही, ते वय वाढल्यावरसुद्धा.

निरोपसमारंभात मी ते वाक्य वाचले नाही. मुलांना फक्त लाल बर्फाची गोष्ट सांगितली आणि माझी फुली कशी चुकली ते सांगितले.

मे महिन्यात ताईकडे गेलो. पुस्तक एकही नेले नाही. रात्री ओसरीवर बसलो असता, तिनेच विचारले म्हणून, तीच गोष्ट तिला सांगितली. दाजीही ऐकत होते. गोष्ट संपल्यावर मी त्यांच्यासमोरच म्हणालो, "ताई, त्या दिवशी एसटीत मी तुला चुकीचं सांगितलं." दाजींनी मान खाली घातली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू लहान होतास रे." आणि थोड्या वेळाने, "पण मला एक सांग, सगळा बर्फ वितळून गेल्यावर त्या शेवाळाचं काय होतं?"

इतक्या वर्षांत ताईने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी सांगितले, त्याच्या जाड सालीच्या पेशी मातीत, खडकांवर पडून राहतात. पुन्हा बर्फ पडतो, पुन्हा वितळू लागतो, तेव्हा त्यांतून हिरवे पोहणारे जीव बाहेर पडतात आणि पाण्यातून वर उजेडाकडे चढतात. तिला मी टेलर दरीचीही हकिगत सांगितली. अंटार्क्टिकातल्या त्या दरीत एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात सूक्ष्म जीवांचे काळपट पापुद्रे वीसेक वर्षे वाळून पडले होते. मेलेच म्हणावेत असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शास्त्रज्ञांनी शेजारचे पाणी त्या पात्रात वळवले, आणि आठवड्याभरात ते पापुद्रे हिरवेपणाने कामाला लागले.

"पाणी वळवलं होय कोणीतरी," ताई म्हणाली.

यंदा भाऊबीजेला मी तिच्याकडे जाणार आहे. ओवाळणीत काय घालावे हा प्रश्न होता. परवा तिचाच फोन आला. दाजींनी ओसरीवर वाचण्याजोगा दिवा लावून घेतला आहे म्हणाली. "तुझी ती पहिली कादंबरी आण. मला नाही वाचवणार, टोचतं. तूच वाच मोठ्यानं. एका वेळी दोनच पानं हं."

दोन पाने पुष्कळ झाली.